साथीत कुणी काय दिलं?

२०२० च्या मार्चचा शेवटचा आठवडा होता. टाळेबंदी लागून चार-पाच दिवस झाले होते. मोहोपाड्याच्या ज्या बाजारात एरवी संध्याकाळी रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांतून सुटलेल्या माणसांची दाटी असते, तिथे कुत्रीसुद्धा निवांत झोपली होती. किराणा दुकानासमोर चुन्यानं गोल आखले होते आणि आम्ही सहा-सात जण आपापल्या गोलात पिशव्या घेऊन उभे होतो. पुढच्या गोलातल्या पोरानं मोबाईलमधून मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धोनीनं दिले. किती? एक लाख!"

एक लाख म्हणजे त्या रांगेतल्या कुणाच्याही कित्येक महिन्यांचा पगार. तरी सगळे हसले. मीही हसलो. एवढा पैसा कमावलेला माणूस आणि एक लाख? मग दुकानदार वजन करता करता म्हणाला, "पण काका, आपण किती दिले?" यावर मात्र कुणी हसलं नाही.

ती बातमी पुण्याची होती. टाळेबंदीत पोट बंद झालेल्या रोजंदारीवरच्या कुटुंबांसाठी पुण्यातली मुकुल माधव फाउंडेशन ही संस्था पैसे गोळा करत होती, तिला महेंद्रसिंह धोनीनं लाख रुपये दिले. म्हणजे एका विशिष्ट कामासाठी दिलेली ती एक विशिष्ट रक्कम होती. बातमी फिरता फिरता तिचा अर्थ असा झाला की, देशावर संकट आलं आणि धोनीनं त्याच्या सगळ्या संपत्तीतून फक्त एवढंच काढलं. लोकांनी त्याला धारेवर धरलं. शेवटी त्याच्या पत्नीनं, साक्षी यांनी, अशा काळात खोट्या बातम्या देऊ नका, असं वृत्तमाध्यमांना चिडून सुनावलं. धोनीनं आणखी कुठे काही दिलं की नाही, हे त्या रांगेतल्या आम्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात सचिन तेंडुलकरनं पन्नास लाख दिले, निम्मे पंतप्रधानांच्या मदतनिधीला आणि निम्मे मुख्यमंत्र्यांच्या. अजिंक्य रहाणेनं मुख्यमंत्री निधीला दहा लाख दिले. रोहित शर्मानं ऐंशी लाख वाटून दिले. पंतप्रधानांच्या नव्या निधीला ४५, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीला २५, भुकेल्यांना जेवण पोचवणाऱ्या एका उपक्रमाला ५ आणि भटक्या कुत्र्यांसाठी ५. कुत्र्यांच्या पाच लाखांवरही आमच्या नाक्यावर चर्चा झाली. मला स्वतःला ते पाच लाख फार आवडले. हॉटेलं आणि हातगाड्या बंद झाल्यावर त्या मुक्या जिवांना उष्टंसुद्धा मिळणार नाही, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

आपल्याकडे खेळातला पैसा म्हणजे क्रिकेटचा पैसा. फुटबॉलचं तसं नाही. माझं बालपण इथलंच. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची वसाहत आमच्या शेजारी होती, म्हणजे साऱ्या भारताची माणसं एका कुंपणात नांदत होती. मल्याळी आणि बंगाली पोरं पावसाळ्यात चिखलात फुटबॉल खेळायची आणि आम्ही गावातली पोरं कुंपणावरून उडी मारून त्यांच्यात मिसळायचो. (तो कारखाना आता जवळजवळ उरला नाही. २०१७ साली सरकारनं रसायनीचे बहुतेक विभाग बंद करायचं ठरवलं.) त्या काळी मुंबईतल्या कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा असे कंपन्यांचे संघ असत. फुटबॉल चांगला खेळलास तर काय मिळेल, याचं उत्तर होतं : कंपनीत नोकरी. श्रीमंत फुटबॉलपटू ही वस्तू आम्ही १९८६ साली दूरदर्शनवर मॅराडोनाच्या रूपानं पाहिली, तीही शेजाऱ्याच्या घरी.

त्या वसाहतीतले एक निवृत्त मल्याळी फोरमन अजून आमच्या शेजारी राहतात. सगळे त्यांना चेट्टन म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. त्यांचा जीव इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये अडकलेला. टाळेबंदीत सामने बंद पडल्यावर त्यांना करमेना. मग रोज संध्याकाळी ते आपल्या गॅलरीतून आणि मी माझ्या, अशा आमच्या गप्पा व्हायच्या. धोनीची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "तिकडेही हेच चाललं आहे. फक्त तिकडे मंत्रीच नाक्यावर उभा राहिला आहे."

झालं होतं ते असं. २ एप्रिल २०२० रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी पत्रकारांसमोर जाहीरपणे सांगितलं की, प्रीमियर लीगच्या फुटबॉलपटूंनी पगारकपात घेऊन आपला वाटा उचलावा. तिथल्या काही बड्या क्लबांनी मैदानावर राबणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवून त्यांच्या पगाराचा बोजा सरकारी तिजोरीवर टाकायला सुरुवात केली होती. त्याचा संताप लोकांच्या मनात होता. लिव्हरपूलसारख्या क्लबला तर दोन-तीन दिवसांत माफी मागून निर्णय फिरवावा लागला. पण क्लब म्हणजे मालक, आणि मालकांचे चेहरे कुणाला माहीत असतात? खेळाडूंचे माहीत असतात. मंत्र्यांचं बोट त्यांच्याकडे वळलं.

खेळाडूंच्या संघटनेनं यावर हिशेब मांडला. तीस टक्के पगार कापला तर वर्षाला पन्नास कोटी पौंडांहून अधिक रक्कम कापली जाईल, पण ती जाईल क्लबांच्या मालकांकडे. उलट त्या पगारावर मिळणारा वीस कोटी पौंडांचा कर सरकारचा बुडेल, आणि इस्पितळं चालतात ती करावरच. हिशेब बरोबर होता. तरी तो त्या दिवसांत कानाला गोड लागला नाही, हेही खरं. मग लिव्हरपूलचा कप्तान जॉर्डन हेंडरसन यानं वेगवेगळ्या संघांच्या कप्तानांना फोन केले आणि ८ एप्रिलला खेळाडूंनी स्वतःचाच निधी जाहीर केला. त्याचं नाव 'प्लेअर्स टुगेदर'. पैसा थेट तिथल्या सरकारी इस्पितळांच्या धर्मादाय संस्थेकडे जाणार होता. महिनाभर आधी एकमेकांना लाथा घालणारी पोरं, एरवी पायताणांच्या जाहिरातींत दिसणारी, एका निधीत पैसे टाकत होती. आणि कुणी किती टाकले, हे जाहीर करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

चेट्टनना मी विचारलं, मंत्र्यांनी शेअरबाजारवाल्यांना का नाही विचारलं? मोठ्या मॉलवाल्यांना का नाही? चेट्टन म्हणाले, "त्यांचा पगार पेपरात छापून येत नाही. आणि ती कामगारांच्या वस्तीतून आलेली पोरं नाहीत." हे वाक्य माझ्या मनात बरेच दिवस राहिलं. पिढीजात श्रीमंताकडे आपण दान मागतो तेव्हा वाकून मागतो. कालपर्यंत आपल्यासारखाच असलेला, पायाच्या किंवा मनगटाच्या जोरावर वर गेलेला पोरगा दिसला की आपण हिशेब मागतो.

तेव्हापासून मला एक नाद लागला. टाळेबंदीत वेळ होताच. पूर्वी साथ आली तेव्हा आपल्या भागात पैसेवाल्यांनी काय केलं होतं, हे मी जमेल तिथून वाचू लागलो. आपला भाग म्हणजे मुंबई धरूनच. मुंबईला सर्दी झाली की खालापूर-कर्जतला शिंका येतात, हे नेहमीचंच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात एका रोग्याला तपासताना डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी ओळखलं की हा प्लेग आहे. मूळ गोव्याचे हे डॉक्टर. मेट्रो सिनेमापाशी त्यांचा पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी बसची वाट पाहत मी तारुण्याची कितीतरी वर्षं घालवली, पण हा गृहस्थ कोण, हे कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या चार-पाच महिन्यांत मुंबई जवळजवळ निम्मी रिकामी झाली. माणसं आगगाडीनं, पडावांनी, पायी कोकणाकडे आणि देशाकडे निघाली. २०२० मध्ये चौकवरून जुन्या पुणे रस्त्यानं डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं मी पाहिली, तेव्हा ती ओळ मला सव्वाशे वर्षं लांबीची वाटली. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारनं साथरोगाचा कायदा केला. २०२० साली आपल्या दारावर जो कायदा येऊन उभा राहिला, तो तोच.

लोकांना प्लेगपेक्षा इस्पितळाची भीती जास्त होती. नेलेला माणूस परत येत नाही, तिथे रोग्यांना मारून टाकतात, अशा अफवा होत्या. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. (त्याच इस्पितळाचं आजचं नाव कस्तुरबा. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईचे पहिले करोनारुग्ण तिथेच ठेवले होते.) या धामधुमीत वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत त्यानं प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

लस तयार झाली, पण ती घेणार कोण? गोरा साहेब सुई घेऊन येतो, आत काय भरलं आहे कुणास ठाऊक. पैशानं सुटणारा हा प्रश्न नव्हता. इथे तिसरे आगाखान, सुलतान महंमद शाह, पुढे आले. त्या वेळी त्यांचं वय जेमतेम वीस. वडील लहानपणीच गेले, आठव्या वर्षी खोजा इस्माइली जमातीची गादी अंगावर आली. श्रीमंती म्हणाल तर पाण्यासारखी. घोड्यांच्या शर्यतींचं वेड घरातच होतं आणि पुढे युरोपच्या मैदानांवर त्यांचे घोडे गाजले. म्हणजे एका परीनं हाही मैदानावरचाच श्रीमंत.

या तरुणानं पहिली गोष्ट केली ती ही की, सर्वांसमोर बाही वर केली आणि लस टोचून घेतली. आपल्या अनुयायांनी ते पाहावं, अशीच व्यवस्था केली. नंतर माझगावची खुश्रू लॉज ही आपली वास्तू त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी दिली आणि लस तयार करण्याच्या खर्चालाही हातभार लावला. १८९८ च्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईतल्या खोजा जमातीच्या जवळपास निम्म्या माणसांनी लस घेतली. प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली, आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

मी त्या जमातीचा नाही. आमचं घर सुन्नी, कोकणी. पण हे वाचलं तेव्हा मला वाटलं की, या माणसानं नेमकं काय दिलं? इमारत दिली, पैसे दिले, हे खरंच. पण ते मुंबईतल्या इतर शेठ-सावकारांनीही दिले. पारशी, जैन, खोजा, हिंदू अशा निरनिराळ्या समाजांनी प्लेगची आपापली इस्पितळं त्याच काळात उभी केली, कारण परक्या इस्पितळात मरण्यापेक्षा आपल्या माणसांत मरावं, असं लोकांना वाटत होतं. आगाखानांनी त्यावर आपला दंड दिला. लोकांच्या मनात जी भीती होती ती स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवली. आणि हे गुपचूप करून चाललंच नसतं. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे म्हणतात, आमच्याकडेही तेच शिकवतात. पण तो दंड चार भिंतींआड टोचून घेतला असता तर त्याचा उपयोग एका माणसाला झाला असता. कुराणात दोन्हींची सोय आहे. उघड द्यावं, तेही चांगलं. झाकून गरिबाला द्यावं, ते अधिक चांगलं.

ज्यांच्याकडे इमारत नव्हती त्यांचं काय? त्याच १८९७ सालच्या मार्च महिन्यात पुण्याजवळच्या मुंढव्यात प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्याकडे धावल्या. मूल जगलं. त्यांना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. या गोष्टीपुढे कुठलाही आकडा ठेवता येत नाही आणि मी ठेवणारही नाही.

१९१८ च्या तापाच्या साथीत आपल्या जिल्ह्याचा एक माणूस दिसतो, म्हणून त्याचं नाव घेतो. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. कामगार चळवळीचे जोशी म्हणून ते ठाऊक आहेत. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. साथ आली तेव्हा पैसेवाल्यांनी दिलेला पैसा अशा संस्थांच्या स्वयंसेवकांच्या पायांवर चालत चाळीचाळीत पोचला. कुणाच्या खोलीत चूल पेटलेली नाही, हे शेठजीला कसं कळणार? ते जिना चढणाऱ्याला कळतं.

तेंडुलकरच्या बाबतीतही मला पन्नास लाखांपेक्षा त्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. एप्रिलमध्ये त्यानं 'अपनालय' या संस्थेमार्फत पाच हजार माणसांच्या महिनाभराच्या शिध्याची जबाबदारी घेतली. ही संस्था गोवंडी-शिवाजीनगर भागात कित्येक वर्षं काम करते आहे. तिला तिथली गल्ली आणि गल्लीतलं दार माहीत आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तो स्वतः करोनानं इस्पितळात होता. बाहेर आल्यावर प्राणवायूची यंत्रं आणण्याच्या मोहिमेला त्यानं एक कोटी दिले. दिलेली रक्कम या वेळी मोठी होती, पण माझं लक्ष तारखांकडे गेलं. इस्पितळात दाखल झाला २ एप्रिलला, पैसे दिले २९ एप्रिलला. मधल्या दिवसांत श्वास म्हणजे काय, हे त्याला कळलं असणार. हा माझा तर्क.

चेट्टनच्या गॅलरीतून त्या काळात मला आणखी काही माणसं भेटली. त्यांच्या लाडक्या मँचेस्टर युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. शाळा बंद झाल्या तेव्हा त्याला आठवलं ते हे की, शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवण बंद. आई एकटी, दोन-तीन ठिकाणी राबणारी, आणि तो शाळेच्या फुकट जेवणावर वाढलेला. 'फेअरशेअर' नावाच्या संस्थेसाठी त्यानं पैसे उभे करायला सुरुवात केली, ती रक्कम सुमारे दोन कोटी पौंडांवर गेली. पण त्यातलं मोठं काम त्यानं पत्र लिहून केलं. उन्हाळ्याच्या सुटीत गरीब मुलांच्या जेवणाची कुपनं बंद करायचं सरकारनं ठरवलं होतं. १५ जून २०२० रोजी रॅशफर्डनं खासदारांना जाहीर पत्र लिहिलं, त्यात आपलं उपाशी बालपण लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी सरकारनं निर्णय बदलला. इंग्लंडमधल्या सुमारे तेरा लाख मुलांचा तो प्रश्न होता. ज्या सरकारच्या मंत्र्यानं एप्रिलमध्ये फुटबॉलपटूंना वाटा उचलायला सांगितलं होतं, त्याच सरकारला जूनमध्ये एका फुटबॉलपटूनं त्याचा वाटा उचलायला लावला. हे चेट्टननी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

रोनाल्डोनं आणि त्याच्या एजंटनं लिस्बन आणि पोर्तोच्या इस्पितळांत अतिदक्षता विभागांसाठी पैसे दिले. मेस्सीनं दहा लाख युरो बार्सिलोनाचं एक इस्पितळ आणि त्याचा अर्जेंटिना यांत वाटून दिले. मोठे आकडे आहेत, आणि त्यांनी माणसं वाचली असणार. पण माझ्या मनात बसला तो सेनेगलचा सादिओ माने. बांबाली या खेड्यातला मुलगा. तो सात वर्षांचा असताना वडील आजारी पडले. गावात दवाखाना नव्हता. वडील गेले. करोनाच्या पहिल्या दिवसांतच त्यानं आपल्या देशाच्या साथनिवारण समितीला मदत पाठवली, आणि २०२१ मध्ये त्या बांबाली गावात त्याच्या पैशांतून इस्पितळ उभं राहिलं, सुमारे पाच लाख पौंड खर्चून. आयव्हरी कोस्टच्या दिदिए द्रोग्बानं आबिदजानमधलं आपल्या प्रतिष्ठानाचं इस्पितळ करोनारुग्णांसाठी देऊ केलं.

आपल्या देशातल्या फुटबॉलपटूंकडे इतका पैसा कुठला! तरी भाईचुंग भुतियानं गंगटोकजवळची आपली बांधकाम चालू असलेली इमारत अडकून पडलेल्या मजुरांना राहायला उघडून दिली. आणि केरळचा सी. के. विनीत, राष्ट्रीय संघात खेळलेला खेळाडू, कन्नूर जिल्ह्याच्या मदतकेंद्रात फोन उचलायला बसला. कुणाला औषध हवं, कुणाला तांदूळ, कुणाला नुसतं बोलायला हवं. हे सांगताना चेट्टन उभे राहिले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. कन्नूर हे त्यांचं गाव.

आता थोडं घरचं. त्या वर्षीचा रमजान एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि सगळा टाळेबंदीत गेला. मशिदी बंद. त्याच्या आधीचे काही आठवडे असे होते की, माझं नाव ऐकल्यावर भाजीवाला पिशवी हातात न देता खाली ठेवायचा. त्याबद्दल जास्त बोलत नाही. तेही दिवस गेले. रमजानमध्ये वर्षाच्या शिलकीचा अडीच टक्के हिस्सा, जकात, बाजूला काढायचा असतो. त्या वर्षी इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं असे जमलेले ३६ लाख रुपये तिथल्या इंदिरा गांधी इस्पितळात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारायला दिले. विणकरांचं, यंत्रमागांचं गाव ते. माग बंद होते. त्या ३६ लाखांत धोनी-तेंडुलकर कुणी नव्हते, पाचशे-हजारवाले होते. त्या खाटांवर कोण झोपणार, याची अट नव्हती.

'खैरात' हा शब्द मला यावरून नेहमी सुचतो. मूळ अरबीत 'खैर' म्हणजे भलं, 'खैरात' हे त्याचं अनेकवचन. मराठीत येता येता त्या शब्दाचं काय झालं पाहा. 'पैशांची खैरात केली' म्हणजे उधळले. 'खैरातीवर जगतो' म्हणजे लाज नसलेला. शब्दाच्या वाटेतच कुठेतरी घेणाऱ्याचा अपमान झालेला आहे.

तो अपमान मी स्वतः केलेला आहे. तो प्रकार सांगतो.

मे महिन्यात आम्ही दहा-बारा जणांनी मिळून शिधा वाटला. हिंदू, मुसलमान, वसाहतीतले निवृत्त लोक, सगळे होतो. चेट्टनही होते. पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चहा-साखर, साबण. माणिकगडाच्या पायथ्याशी कातकऱ्यांची एक वाडी आहे, तिथे गेलो. वाडीतली बरीच कुटुंबं वीटभट्ट्या अर्ध्यावर बंद पडल्यानं हिशेबाचे पैसे न घेताच परत आली होती. आमच्यातल्या एकानं पैसे देणाऱ्यांना दाखवायला फोटो हवेत, असं सांगितलं. त्यात गैर काही नव्हतं. चोख हिशेब द्यायला हवाच. मोबाईल माझ्या हातात होता. एकेक बाई पुढे यायची, दोघं-तिघं पिशवीला हात लावून उभे राहायचे, मी फोटो काढायचो. सहाव्या की सातव्या बाईनं पिशवी हातात घेतली आणि तोंड फिरवलं. मी म्हणालो, "ताई, जरा इकडे बघा." ती वळली नाही. म्हणाली, "फोटो काढल्याशिवाय तुमचा तांदूळ शिजत नाही का?"

कुणीच काही बोललं नाही. मी मोबाईल खाली घेतला. मग चेट्टननी माझ्या हातून तो घेतला, स्वतःच्या खिशात टाकला आणि पुढची पिशवी उचलली. उरलेल्या पिशव्या आम्ही घराघरांच्या ओट्यावर ठेवल्या आणि निघालो. गाडीत एक जण म्हणाला, एवढं करून वर ऐकून घ्या. मला त्याचाही राग आला नाही, कारण वाडीत शिरताना मीही मनातल्या मनात 'एवढं करून' असंच म्हणत होतो. मार्चमध्ये चुन्याच्या गोलात उभा राहून मी ज्याच्यावर हसलो, त्यानं निदान कुणाला कॅमेऱ्याकडे बघायला लावलं नव्हतं.

ते सहा फोटो मी कुणाला पाठवले नाहीत. काही दिवस ते मोबाईलमध्ये राहिले. नंतर मोबाईलच बिघडला.

ती बाई मला अजून दिसते. मे महिन्यात मोहोपाड्याच्या बाजारात पळसाच्या पानावर करवंदांचे वाटे लावून बसते. तिनं मला ओळखलं आहे, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी दोन वाटे घेतो. ती पैसे मोजून घेते, सुटे नसले तर शेजारणीकडून आणून परत देते, आणि पुडी बांधण्याआधी वर मूठभर करवंदं टाकते.